नाव नसलेली ओळ

घरात कॉम्प्युटर एकच होता आणि त्यावर हक्क सांगणारे दोघे, दोघेही तितकेच हेकट. आईच्या भरतकामाच्या मशीनला नक्षी पुरवणारा प्रोग्राम एका सिस्टीमवर चालायचा आणि बाबांना बोलतं करणारा दुसऱ्या. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, वरची आईची, खालची बाबांची. बाणाने हवी ती ओळ निवडून एंटर मारला की कॉम्प्युटर त्या सिस्टीममध्ये शिरायचा. दोन्ही एकदम काही चालत नसत. त्यामुळे आईची ऑर्डर आली की बाबा गप्प, आणि बाबांना वाद घालायची लहर आली की आईचं फूल अर्ध्या पाकळीवर अडकलेलं. थोरली लेक म्हणायची, "इतकं शिस्तशीर भांडण कुणाच्या घरात नसेल. एकाचं आटोपल्याशिवाय दुसऱ्याला तोंडच उघडता येत नाही."

बाबांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं होतं. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली, म्हणजे जन्मभर शेजारच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून, आरडाओरडा केला. अर्ध्या शहराने त्यांची बोलणी खाल्ली होती. ऑपरेशनच्या आधी थोरलीने त्यांना मागच्या खोलीत बसवून त्यांचा आवाज साठवून घेतला होता. रोजची वाक्यं, सुटे शब्द, नातेवाइकांची नावं, आणि बाबांच्या आग्रहाखातर दोन-चार शिव्याही. आता ते बटणं दाबून वाक्य जुळवायचे आणि स्पीकरमधून त्यांचाच आवाज यायचा. जरा सपाट यायचा, पण त्यांचाच.

मग आईच्या बाजूला अपडेट आलं. रोज काम अडवून ते विचारायचं, आता करू की नंतर? रोज आई "नंतर" म्हणायची. एके दिवशी वैतागून तिने "हो" म्हटलं. कॉम्प्युटर बराच वेळ घुमत बसला आणि पुन्हा सुरू झाला तेव्हा तो दोन ओळींचा पडदा गायब होता. बटण दाबलं की थेट आईच्या नक्ष्या. बाबांच्या बाजूला जायची वाटच बुजली.

"सारखं सारखं विचारत होतं गं," आई म्हणाली. "म्हटलं, एकदाचं हो म्हणावं, म्हणजे गप्प बसेल."

"बसले की," थोरली म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली, कारण बाबा दारातच उभे होते.

बाबांनी मनाला लावून घेतलं. लिहायला दिलेली पाटी त्यांनी कपाटावर फेकली. खुणा करणं सोडलं. जेवायला टेबलाशी येईनात. खुर्ची खिडकीकडे फिरवून बसायचे आणि गळ्यातल्या छिद्रातून श्वासाचा तेवढा फसफस आवाज यायचा. आई घरात चोरासारखी वावरू लागली. मशीन चालवायचीसुद्धा तिला लाज वाटू लागली. थोरलीला हे बघवेना.

धाकटा भाऊ परगावी होता. त्याने फोनवर सल्ला दिला, की दुकानात नेऊन सगळं पुसून नव्याने टाकून घ्या. पण सगळं पुसायचं म्हणजे बाबांचा आवाजही पुसायचा. त्याची दुसरी प्रत काढून ठेवायची राहून गेली होती, जशी ती सगळ्यांचीच राहते. आणि तो आवाज पुन्हा साठवायला आता गळा कुठला आणणार?

"मी करते," थोरली म्हणाली.

ती लिफ्टचे नकाशे काढणाऱ्या ऑफिसात कामाला होती. सुताएवढी चूक झाली तरी लिफ्ट अडकते, या धाकात तिची उमर चाललेली. एकदा एखादं काम धरलं की सोडायचं ठाऊक नाही, म्हणून बाबा तिला लहानपणापासून घोरपड म्हणायचे. रविवारी दुपारी जेवण उरकून ती मागच्या खोलीत खिडकीचा पडदा ओढून, खिडकीखालच्या कॉम्प्युटरपुढे बसली. तिच्या पाठीमागे आईचं मशीन चालू होतं. कुणाच्यातरी उशीच्या अभ्र्यावर ते पानं टाचत होतं; एवढी छोटी नक्षी मशीनच्या पोटातच मावायची, तिला कॉम्प्युटर लागत नसे. सुई एका लयीत टकटकत होती. स्पीकरची वायर पुढ्यात येत होती म्हणून थोरलीने ती उपसून, गुंडाळून, बाजूला ठेवली आणि पेनड्राइव्ह लावला.

रोग तिला कळला होता. सुरुवातीला कुणाला उठवायचं हे ठरवणारा एक चिमुकला प्रोग्राम असतो, बूटलोडर. अपडेटने तेवढाच खाल्ला होता. पेनड्राइव्हवरून तिने डिस्कच्या आत डोकावून बघितलं. दोन कप्पे, एकाला एक चिकटून, मध्ये बोटभरही जागा नाही. आईचा शाबूत, बाबांचाही शाबूत. तिने सुटकेचा श्वास सोडला आणि दुरुस्तीची आज्ञा दिली. तो प्रोग्राम डिस्कवर शोध घेतो, जेवढ्या सिस्टीम सापडतील तेवढ्यांची यादी बनवतो आणि सुरुवातीचा पडदा पुन्हा उभा करतो. तिने कॉम्प्युटर बंद करून चालू केला.

पडदा आला. त्यावर तीन ओळी होत्या.

वरची आईची. दुसरी बाबांची. तिसरीला नाव नव्हतं. बाण खाली नेला की तिथे नुसती उजेडाची रिकामी पट्टी दिसायची.

"कचरा," थोरली स्वतःशी म्हणाली आणि तिने बाबांची ओळ निवडली. काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत राहिली. ती वाट बघून थकली, पण रेघ काही हलेना. बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच. तेव्हा तिने विचार केला, की यादी करताना प्रोग्रामचाच गोंधळ झालेला दिसतो, बाबांची खरी सिस्टीम त्या बिननावाच्या ओळीत गेली असेल आणि नाव गळलं असेल. विचार अगदी सरळ होता. दुसऱ्या कुणीही तोच केला असता. तिने तिसरी ओळ निवडली आणि एंटर मारला.

पाठीमागे सुई थांबली.

"धागा तुटला का गं?" वळून न बघताच तिने विचारलं. आईने उत्तर दिलं नाही. पण थोरलीचं लक्षही नव्हतं, कारण समोर बाबांची सिस्टीम उघडली होती. बाबांच्या ड्रायव्हिंग क्लासच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा फोटो, तोच. खिडक्यांचा रंग, तोच. तिने घाईघाईने आवाजाचा फोल्डर उघडला. आत काहीही नव्हतं.

तेवढ्यात बाबांचा आवाज आला.

"घोरपडे, अंधारात काय करत बसलीयेस?"

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आवाज शाबूत आहे, कुठेतरी भलत्या जागी ठेवला गेलाय इतकंच. तो जरा कमी करावा म्हणून तिने स्पीकरकडे हात नेला. स्पीकर वायर गुंडाळून तसाच बाजूला पडलेला होता.

आणि हे वाक्य तर तिने कधी साठवलंच नव्हतं. या आवाजात श्वास होता, शेवटी थोडा खाकरा होता.

ती वळली. बाबा दारात उभे होते. शर्टाचं वरचं बटण उघडं आणि आत बिनछिद्राचा, दाढीचे पांढरे खुंट उगवलेला, धडधाकट गळा. समोरच्या स्क्रीनचा उजेड तिच्या हातांवर, मांडीवर पडला होता. बाबांची नजर मात्र त्या स्क्रीनवरून रिकाम्या जागेवरून फिरावी तशी फिरली.

"दिवा तरी लाव," ते म्हणाले. "अन् रडायला काय झालं? रिव्हर्समध्ये पुन्हा खांबाला ठोकलीस का?"

थोरली खरंच रडत होती. तिला इतका आनंद झाला होता, की हे कसं काय, असा प्रश्नही तिच्या मनात आला नाही. बाबा बोलत बोलत स्वयंपाकघराकडे निघाले आणि ती त्या आवाजामागे लहान मुलीसारखी गेली. कुणी नव्या बाई शिकायला यायला लागल्या होत्या, त्यांची गोष्ट ते रंगवून सांगत होते. गाडी सुरू व्हायच्या आधीच त्या बाई डोळे मिटून घेतात म्हणे. बाबांनी हसत हसत एक कप धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.

ओट्यावर कप तो एकच होता. टेबलाला खुर्चीही एकच होती. खिडकीत आईच्या रिळांचा डबा असायचा, तिथे नुसतं ऊन पडलं होतं.

आवाज ऐकल्यापासून आपल्याला आईची एकदाही आठवण झाली नाही, हे थोरलीच्या तेव्हा लक्षात आलं. तिला स्वतःची शरम वाटली. ती तशीच मागच्या खोलीत धावली. मशीन नव्हतं. त्याच्या जागी इस्त्रीचं टेबल उभं होतं, आणि ते आजच आणून ठेवल्यासारखं दिसत नव्हतं. त्याच्या पायांनी फरशीवर गंजाचे डाग पाडले होते.

बाबांना विचारावं म्हणून तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. विचारलं की उत्तर मिळेल, आणि मिळालं की ते खरं होऊन बसेल, असं तिला वाटलं. तिने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि दाबून धरलं. स्वयंपाकघरातून बाबा सांगत होते, "आणि मग त्या बाईंनी काय करावं, क्लच सोडून सरळ..."

पडदा काळा झाला. शब्द मध्येच तुटला.

पाठीमागे सुई टकटकत होती.

"किती वेळा चालू-बंद करशील?" आई म्हणाली. "जळेल एखाद्या वेळी."

थोरली उठली, आईच्या जवळ गेली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा उबदार होता, ब्लाउजला धाग्याचे तुकडे चिकटले होते. "काय गं?" आई म्हणाली. "काही नाही," थोरली म्हणाली. बाहेरच्या खोलीत बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि त्यांचा श्वास गळ्यातून फसफसत होता.

संध्याकाळी तिने धाकट्याला फोन केला. तीन ओळी दिसतात, एवढंच सांगितलं.

"डिस्कवर कप्पे किती आहेत?" त्याने विचारलं.

"दोनच."

"मग तिसऱ्या ओळीतून सुरू व्हायला काही असणारच नाही, ताई. कचरा असेल. उघडून नाही ना बघितलीस?"

"नाही."

"मग राहू दे. उघडूही नकोस." आणि जरा थांबून तो म्हणाला, "तू बरी आहेस ना? आवाज वेगळाच येतोय तुझा."

दुसरी एखादी असती तर तिने कॉम्प्युटरला हात लावायचं सोडलं असतं. थोरलीने ऑफिसातून रजा काढली. तिचं म्हणणं सरळ होतं: बाबा बोलायला हवेत आणि आई घरात हवी. दोन्ही हवं, आणि दोन्ही होतंच की आजवर. एकासाठी दुसरं सोडायला ती तयार नव्हती. तिने पुन्हा पेनड्राइव्ह लावला, बाबांच्या कप्प्यात शिरली, एकेक फाइल तपासली. त्यांच्या ओळीत कप्प्याचा पत्ता जुनाच राहिला होता, म्हणून ती रेघ नुसती लुकलुकत होती. तिने पत्ता बदलला. सकाळ त्यात गेली, पण दुपारी बाबांची सिस्टीम उघडली, आणि फोल्डरमध्ये सगळा आवाज जागच्या जागी होता.

बाबांना तिने हाताला धरून आणलं. ते रुसूनच आले. खुर्चीवर बसले, बटणांकडे बघितलं आणि एक दाबलं.

"ब्रेक! ब्रेक! ब्रेक कुठंय ते ठाऊक आहे का?" स्पीकर ओरडला.

आई हसता हसता रडायला लागली. बाबांनी पाठोपाठ दुसरं बटण दाबलं आणि तिला एक शिवी ऐकवली. थोरलीही हसली. पण तो आवाज तिला आता पत्र्यासारखा वाटला, आणि त्याचं तिला फार वाईट वाटलं. खरा कसा होता ते ती नुकतंच ऐकून आली होती.

राहता राहिली ती ओळ. खोटं कशाला सांगा, ती काढताना थोरलीचा हात एकदा थबकला. एकदाच ऐकून येऊ, दारातूनच, असंही मनात येऊन गेलं. मग मागच्या खुर्चीत आई दातांनी धागा तोडत होती तिच्याकडे तिने बघितलं, आणि कामाला लागली. शोध घेऊन यादी करण्याची सोयच तिने बंद केली. दोन ओळी स्वतःच्या हाताने लिहिल्या, वर आईची, खाली बाबांची. रोज सकाळी बाबांसाठी कॉम्प्युटर आई लावून द्यायची आणि बटण दाबून आपल्या कामाला निघून जायची, म्हणून कुणी काहीच निवडलं नाही तर कुठली ओळ घ्यायची, तेही ठरवून ठेवायला हवं होतं. तिथे ओळीचं नाव लिहिता येतं किंवा नंबर. थोरलीने नंबर लिहिला, दोन. जन्मभर लिफ्टचे नकाशे काढलेल्या बाईने दुसरं काय लिहावं? लिफ्टला मजल्याचं नाव कळत नाही, नंबर कळतो.

पुढे बरेच दिवस सगळं सुरळीत चाललं. घरात पुन्हा नेमाने भांडणं होऊ लागली. आवाजाच्या प्रती निघाल्या, एक धाकट्याकडेही गेली.

एका सकाळी थोरली बूट घालत असताना आई हसत हसत सांगू लागली, "काल ह्यांच्याही बाजूला ते अपडेट आलं होतं. ह्यांनी एका झटक्यात हो म्हटलं. मी इतके दिवस घोळवलं ना, म्हणून मुद्दाम!" आतून स्पीकरने "हो" म्हटलं. थोरलीला बस गाठायची होती. ती हसली आणि निघाली. कॉम्प्युटर कालपासून बंद करायचा राहिलाय, आता एकदा बंद करून लावते, असं आई म्हणाली तेव्हा थोरली जिन्यात पोचली होती.

ऑफिसात तिच्यापुढे एका इमारतीचा नकाशा होता. मालकाला ऐनवेळी पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये एक बुटका मजला घालायचा होता, सामान ठेवायला. थोरलीने तो मजला काढला आणि वरचे नंबर बदलत निघाली. मध्ये एक घुसला की वरचे सगळे सरकतात. काल जो दोन होता तो आता तीन. लिफ्टमध्ये दोनचं बटण दाबणारा माणूस भलतीकडेच उतरणार.

तिचा हात माउसवर थांबला.

अपडेट यादी नव्याने करतं. बंद केलेला शोध ते पुन्हा चालू करू शकतं. आणि शोधात सापडलेली ओळ ते शेवटी ठेवेल की मधे घुसवेल, याचा काही नेम नाही.

तिने घरचा फोन लावला. तो नेहमी आई उचलायची. बाबा उचलून करणार काय?

बराच वेळ घंटा वाजली.

"हॅलो?"

बाबा होते. श्वास नाकातून येत होता.

"हॅलो, कोण बोलतंय?" ते म्हणाले. "घोरपडे, तू का? बोल की. मी आत्ताच टेकलो क्लासवरून येऊन."

मागे सुईचा आवाज नव्हता. थोरलीने टेबलाची कड घट्ट धरली. हा आवाज आणखी थोडा ऐकावा असं तिला वाटलं, आणि तिने तो थोडा ऐकला. मग तिने स्वतःला सावरलं.

"बाबा, फोन घेऊन मागच्या खोलीत जा."

"कशाला?"

"जा ना. मी सांगते तसं करा."

चपलांचा आवाज. दार.

"आलो. इथे काय आहे? इस्त्रीचं टेबल आहे."

"खिडकीखाली हात लावून बघा. पुढे करा हात."

"काही नाहीये गं तिथे."

"बाबा, हात पुढे करा."

ते काहीतरी पुटपुटले.

"इथे काहीतरी गरम आहे," ते हळूच म्हणाले. "घुमतंय."

"त्याच्या वरच्या कडेला एक गोल बटण लागेल."

"दिसत तर काहीच नाही."

"दिसणार नाही. चाचपा."

ती थांबली. फोनमध्ये बाबांचा नाकातून येणारा श्वास ऐकू येत होता. ते बटण दाबलं की हा श्वास पुन्हा गळ्यातून जाणार, आणि हा आवाज पुन्हा कधीच यायचा नाही. त्याला गप्प करायचं होतं ते तिनेच, आणि तेही त्यांच्याच हाताने.

"लागलं," बाबा म्हणाले. "दाबलं की काय होईल?"

"दाबून धरा, बाबा. सोडू नका. आई परत येईल."

मग बाबांनी, घाबरलेल्या मुलीला समजवावं तशा मऊ आवाजात, विचारलं,

"कोणाची गं?"